वरची दोन हुकं

माझा स्वभाव संशयी आहे. घरातले सगळे तसं म्हणतात, आणि एवढी माणसं मिळून खोटं बोलत असतील असा संशय मला फक्त याच एका बाबतीत येत नाही. दूधवाला दुधात पाणी घालतो असं सगळ्यांनाच वाटतं. मला मात्र दूध घट्ट आलं की जास्त काळजी वाटायची, की आज यानं काय कालवलं असेल. नवरा म्हणायचा, "तुला पोलिसांत घ्यायला हवी होती, निम्मा रायगड जिल्हा आत गेला असता." मी म्हणायचे, निम्माच का?

या स्वभावापायी मी एकदा माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुळावर उठले होते. ते सांगायचं आहे.

नागोठण्याजवळ मोठ्या कारखान्याचं काम नुकतंच सुरू झालं होतं, त्या वेळची गोष्ट. पेणला रामवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. चार खाटा, औषधं बांधून देणारा एक कंपाउंडर आणि मी. मी नर्स नव्हते. मॅट्रिक झालेली आणि अक्षर बरं, म्हणून मला केसपेपर लिहायला ठेवलं होतं. मग डॉक्टरांनी कार्डिओग्रामचं मशीन आणलं आणि ते चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मशीन विकायला आलेल्या माणसानं अर्ध्या दिवसात मला ते शिकवलं. शिकवण्यासाठी त्यानं कंपाउंडरला उघडा करून टेबलावर झोपवला. तो बिचारा गुदगुल्यांनी हसत होता आणि त्यामुळे कागदावरच्या रेघा नाचत होत्या.

काम तसं कठीण नव्हतं. दोन मनगटांना आणि दोन घोट्यांना चिमटे लावायचे. छातीसाठी एकच रबरी फुगा, त्याच्या तोंडाला धातूची वाटी. कातडीला जेली लावायची, फुगा दाबून सोडायचा, की वाटी चिकटून बसते. छातीवर सहा जागा ठरलेल्या. एका जागेवरची रेघ निघाली की वाटी उचलून पुढच्या जागी लावायची. हृदय तेच, पण प्रत्येक जागेवरून मशीन त्याच्याकडे वेगळ्या बाजूनं बघतं. जागा बरगड्या मोजून शोधायची, चौथ्या आणि पाचव्या बरगडीखालची फट. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात छातीचं चित्र होतं, त्यावर सहा काळे ठिपके. ते चित्र पुरुषाचं होतं.

पहिली बाई आली ती पेणजवळच्या वाशी गावाकडची. पन्नाशीची, अंगानं दणकट. पडदा ओढला, तिनं पदर बाजूला केला, मी पोलक्याची दोन हुकं सोडली आणि तिसऱ्याला हात घातला तर तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. "आता खाली नाय जायचं," म्हणाली आणि उठून बसली. चिमटे लावलेल्या हातांनीच ती निघाली असती. मी घाबरून म्हटलं, राहू दे मावशी, दोनच पुरेत, बाकीचं मी बघते. मग मी वाटी वरच्या वर लावली, छातीच्या उंचवट्याच्या वर, पोलक्याच्या काठाला धरून. सहाही जागा तशाच, एका ओळीत, पण वर. पट्टी निघाली. डॉक्टरांनी पडद्याबाहेरूनच ती रेघांची कागदी पट्टी घेतली, बघितली आणि म्हणाले, "छान आहे, काही नाही."

तो माझा नियमच झाला. वरची दोन हुकं. डॉक्टर भले गृहस्थ, बायकांची पट्टी काढताना ते पडद्याच्या आत कधी आले नाहीत. पडदाही त्यांनीच शिवून घेतला होता, जाड, हिरव्या कापडाचा. मंगळसूत्र काढायला कोणी तयार नसायचं, म्हणून बायका ते दातात धरून पडून राहायच्या. ही बातमी एसटीपेक्षा लवकर गावोगाव पोचली. "तिथं बाई हाय, दोनच हुकं सोडायला लावते." ज्या बायका आयुष्यात डॉक्टरच्या टेबलावर झोपल्या नसत्या त्या आमच्याकडे येऊ लागल्या. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, फार अभिमान होता.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. पेणच्या बाजारपेठेतल्या, अंगानं भरलेल्या बायकांच्या पट्ट्या चांगल्या यायच्या. आणि गावाकडच्या, शेतात राबणाऱ्या, सडसडीत बायकांच्या पट्ट्या वाईट. छातीवरून वाटी डावीकडे सरकत जाते तशी कागदावरची रेघ उंच उंच चढत जायला हवी. यांची चढायचीच नाही. डॉक्टर पडद्याबाहेर पट्टी धरून हळूच म्हणायचे, "हृदयाच्या पुढच्या भिंतीला जुना झटका येऊन गेलेला दिसतो." बाई म्हणायची, मला कधी दुखलंच नाय. डॉक्टर म्हणायचे, काहींना कळत नाही.

मी मात्र मनात म्हणायचे, मला कळतं. बाईबरोबर आलेल्या नवऱ्याकडे मी निरखून बघायचे. हा बाहेर बाकावर बिडी ओढत बसलाय, याची बायको आत झटका येऊन गेलेलं काळीज घेऊन पडलीये आणि तिला ते माहीतही नाही. काय काय सोसलं असेल तिनं याच्या घरात. एकेकाला मी असं काही बघायचे की तो बिडी विझवायचा. माझ्या संशयी स्वभावाला डॉक्टरी पुरावा मिळाल्यासारखं झालं होतं.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आंबा नदीच्या अलीकडे, नागोठण्यापासून आत एका गावात दिलेली. भाताची आणि वालाची शेती. आम्ही दोघी बहिणी आईच्या वळणावर गेलो, उंच आणि काटकुळ्या. तिसऱ्या बाळंतपणानंतर चौथ्याच दिवशी ती कामाला लागली आणि पुढे तिचं अंग बाहेर यायला लागलं. बायकांना हे माहीत असतं, पुरुषांना सांगायची सोय नसते. तिनं ते बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. उकिडवं बसता येईना, लावणीला वाकता येईना. लग्नाकार्यात जाणं तिनं सोडलं, कारण वास येतो असं तिला वाटायचं. शेवटी मला सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

मी तिला लगेच पेणला आणली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, बाहेरून सर्जन बोलावतो, पण आधी पट्टी काढा. पट्टी मीच काढली. माझी बहीण म्हणून तर मी जास्तच जपलं. पदरसुद्धा पुरता काढू दिला नाही. वाटी अगदी गळ्याच्या हाडाजवळून फिरवली म्हटलं तरी चालेल.

रेघ चढली नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. पुढच्या भिंतीचा बराच भाग गेलेला आहे, भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही. त्यांनी आत बसवायला रबरी रिंग दिली, ती काही दिवसांत टिकेनाशी झाली. ताईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला कधी गो आला झटका? मी कुठं होते तवा?" मला तिच्याकडे बघवेना. तिच्या नवऱ्याकडे मात्र मी चांगलं बघितलं.

तसेच दोन पावसाळे गेले. ताई घरातच वावरायची, भिंतीला टेकून एका कुशीवर बसून करता येतील ती कामं करायची. जड उचलायचं नाही, कारण काळीज. धावपळ नाही, कारण काळीज. आणि ज्याचं खरं दुखणं होतं त्याला हात लावायचा नाही, कारण पुन्हा काळीजच.

मग एका उन्हाळ्यात दाजी पेणला माझ्या घरी आले. घामेजलेले, हातात गुंडाळी. म्हणाले, "हे बघ गो. तिला रोह्याला नेली होती. तिथं पट्टी काढली. साफ हाय म्हणतात. येत्या गुरुवारी सर्जन येतोय, तो ऑपरेशन करतो बोलला. मिरगाच्या आधी व्हायला पायजे, मग पावसात जाणं-येणं नाय जमत."

मी गुंडाळी उलगडली. रेघ चढत होती. पहिल्या जागेपासून पाचव्या जागेपर्यंत, पुस्तकात दाखवतात तशी. माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदानं नाही. मेलेला भाग परत जिवंत होत नाही, हे डॉक्टरांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. म्हणजे ही पट्टी माझ्या बहिणीची नव्हती. पट्टीवर चेहरा नसतो. कोणालाही झोपवावं, वर कोणाचंही नाव लिहावं. दाजींची धाकटी बहीण धडधाकट होती. तिला नेली असेल. आणि मला न सांगता नेलं, ते का? लपवायचं काही नसेल तर माणूस लपवतो कशाला? लावणीला बाई उभी राहायला हवी म्हणून हा माणूस तिला टेबलावर मरू द्यायला निघालाय, असं माझं ठरूनच गेलं.

मी ते त्यांच्या तोंडावर बोलले. माझा नवरा तिथंच होता, तो "अगं, अगं" करत राहिला. मी म्हटलं, "दाजी, तिला मारून दुसरी आणायचीये का तुम्हाला?"

दाजी पांढरेफटक पडले.  एवढंच म्हणाले, "तू शिकलेली. तू नको बोललीस तर मी कसा सही करू? तू हो बोल, मग करतो." पट्टी माझ्याकडेच ठेवून ते गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

संध्याकाळी मी दवाखान्यातून ताईची जुनी पट्टी आणली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, फसवणूक पकडायला. हातापायांच्या चिमट्यांवरून निघालेल्या रेघा आधी बघितल्या. त्या सारख्या होत्या. नुसत्या सारख्या नव्हे, एका ठिकाणी टोकाला जरासा दुभंगलेला खळगा होता, तो दोन्हीकडे हुबेहूब. असा खळगा मी दुसऱ्या कोणाच्या पट्टीत बघितला नव्हता. म्हणजे झोपलेली बाई ताईच होती. दाजी खरं बोलत होते. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या मनानं लगेच दुसरा आरोपी शोधला. फरक फक्त छातीच्या सहा जागांत होता. म्हणजे रोह्याच्या माणसानं वाटी चुकीच्या जागी लावली, मुद्दाम खाली लावली, पट्टी चांगली यावी म्हणून. ऑपरेशन हातचं जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून रोह्याची एसटी धरली. दवाखाना सापडला, पण पट्टी काढणाऱ्या बाई नव्हत्या. "शनिवारी बाई येत नाहीत," दारावरचा माणूस म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, "नाहीत येत." झालं. मी येणार हे कळलं आणि लपून बसली, अशी माझी खात्री पटली. अख्खा रस्ता मी खिडकीतून बाहेर बघत तिला मनातल्या मनात उलटे-सुलटे प्रश्न विचारत परतले.

रविवारी पुन्हा गेले. बाई होत्या. साठीच्या, पांढरी पाचवारी, चष्म्याला दोरी. मुंबईच्या इस्पितळात आयुष्यभर नर्स होत्या आणि निवृत्त होऊन रोह्याला घरी आल्या होत्या. शनिवार तेल्यांपैकी, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. शनिवार त्या पाळायच्या, एवढं साधं कारण होतं. त्यांचे भाऊ-बहिणी, भाचे सगळे इस्रायलला गेलेले, या एकट्या राहिलेल्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी सरळ पट्टी त्यांच्यासमोर आपटली.

"ही तुम्ही काढलीत?"

"हितल्या सगळ्या मीच काढते."

"वाटी खाली लावलीत तुम्ही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावल्या नाहीत. "जागच्या जागी लावली. तू कुठं लावतेस?"

मी माझ्याच पदरावरून बोट फिरवून दाखवलं, वर, पोलक्याच्या काठानं.

"आणि बाप्यांना?"

मी बोट खाली नेलं. चांगलं चार बोटं खाली. 

"असं व्हय," बाई म्हणाल्या. "मग बायकांचं काळीज वर असतं आणि बाप्यांचं खाली, हे कोणी शिकवलं तुला?"

 पण हार कशी मानायची? मी म्हटलं, चार बोटांनी काय एवढा फरक पडतो, एवढ्यानं मेलेला माणूस जिवंत होतो का? बाईंनी दार लावलं, टेबलावरची चादर झटकली आणि म्हणाल्या, "हो आडवी."

शेकडो बायकांना मी टेबलावर झोपवलं होतं, स्वतः कधी झोपले नव्हते. बाईंनी सगळी हुकं सोडायला लावली आणि वरून चादर घातली. मग म्हणाल्या, "तुझ्याच हातानं उचलून धर." मी माझ्या हातानं छाती वर उचलून धरली. त्यांनी चादरीखाली हात घालून, बरगड्या मोजून, खालच्या फटीत वाटी लावली. त्यांनी काही बघितलं नाही, कुठे भलता स्पर्श केला नाही. मला लाज वाटली, पण लाजून मरायला होईल एवढी नाही. सुई टकटक करत राहिली आणि माझी पट्टी निघाली. रेघ चढत गेलेली, साफ.

"आता तुझ्या पेणच्या पद्धतीनं," म्हणाल्या आणि सहाही वेळा वाटी वर, पोलक्याच्या काठानं लावली.

पट्टी त्यांनी मला पडल्या पडल्या दाखवली. रेघ चढत नव्हती. पहिल्या तीन जागांवर तर ती जमिनीला चिकटलेली. माझ्या हृदयाची पुढची भिंत मेली होती. पाच मिनिटांपूर्वी ती जिवंत होती.

मी म्हटलं, परत काढा. मला तेव्हाही संशय होता, की हिनं मशीनला काहीतरी केलं. बाईंनी हसून रबरी फुगा माझ्या हातात दिला. मी माझ्या हातानं वाटी खाली लावली, रेघ चढली. वर लावली, पडली. पुन्हा खाली. पुन्हा वर. चार वेळा केलं.  मग मी रडले.

बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या लांबट बायकांचं काळीज उभं असतं, खाली लोंबतं. अंगानं भरलेल्या बाईचं पोट त्याला वर ढकलतं, ते आडवं पडतं. म्हणून तिचं तुझ्या वाटीनं निभावलं. तुझ्या बहिणीचं नाय निभावलं. माळ्यावरून कान दिलास तर चुलीपाशी बोलणाऱ्याचा आवाज बारीकच यायचा."

त्या पेणच्या बाजारातल्या जाड बायका आणि गावाकडच्या सडसडीत बायका एकदम माझ्या डोळ्यांपुढे आल्या. आणि बाकावर बिडी ओढणारे ते सगळे नवरे. ज्यांना मी मनात फाशी दिली होती.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांसमोर माझ्याच चार पट्ट्या ठेवल्या आणि कोणत्या पट्टीला वाटी कुठं लावली होती ते सांगितलं. त्यांनी आधी माझ्यावर आवाज चढवला, तुला शिकवलं होतं ना, पुस्तक दिलं होतं ना.  मग म्हणाले, "पडदा मीच लावला होता. एकदा तरी विचारायला हवं होतं मी." जुने केसपेपर काढून आम्ही बायकांच्या नावांची यादी केली आणि मी एकेकीला पोस्टकार्ड लिहिलं, की पट्टी पुन्हा काढायची आहे, या. काही आल्या. काहींच्या घरच्यांनी कळवलं, ती आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत, उगाच कशाला. एक-दोघींचं काहीच उत्तर आलं नाही. त्यांच्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही.

मंगळवारी ताईच्या गावी गेले. गुरुवारी सर्जन येणार होता आणि तो पुन्हा महिन्यानं यायचा, तोवर पाऊस लागला असता. दाजी शेताच्या कडेला भाताच्या रोपांसाठी राब भाजून आलेले, तोंड धुरानं काळवंडलेलं. मी म्हटलं, "दाजी, पट्टी खरी होती. चूक माझी होती. सही करा." मला वाटलं होतं ते चिडतील. ते पाय धूत राहिले. मग म्हणाले, "मला बोललीस ते मी गिळलं. तिला सांग."

ताई ओटीवर भिंतीला टेकून, एका कुशीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. पहिल्या बाईपासून सांगितलं. पोलक्याचा काठ, चार बोटं, रोह्याचं टेबल. मी म्हटलं, ताई, तुला लाज वाटू नये म्हणून केलं गं मी. तिचे हात थांबले नाहीत. सोललेले वाल इकडे, सालं तिकडे. मला वाटलं तिला कळलंच नाही.

मग ती म्हणाली, "रोह्याच्या बाईनं मला सांगितलं, हातानं उचलून धर. मी धरलं. ती माझी कोण होती?" सालं बाजूला सारून म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी नसतं धरलं काय? तू इचारलंच नायस."

  त्या एका बाईनं मनगट धरलं तेव्हापासून मी कोणालाच विचारलं नव्हतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला एकदाही स्वतःच्या हाताचा संशय आला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पुढच्या वर्षी ताई लावणीला उतरली. पण माझ्या मनात राहिलाय तो गुरुवार सकाळचा प्रसंग.

रोह्याच्या दवाखान्यात भूल देण्याआधी सर्जनला ताजी पट्टी हवी होती. ताईला टेबलावर झोपवलं. चष्म्याच्या त्या बाईंनी मला बघितलं आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, "ये, तूच काढ. बघू तरी जमतं काय." मी खूश झाले. दोन दिवस मी हाच विचार करत होते, की एकदा तरी माझ्या हातून हिची पट्टी नीट निघावी. मी हातापायांना चिमटे लावले, जेली घेतली, चादर पुढे ओढली आणि म्हटलं, "ताई, तुझ्या हातानं उचलून धर."

ताईनं धरलं नाही. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तू नको गो. त्या बाईंना काढूदे."

"अगं, मला कळलंय आता," मी म्हटलं.

"कळलं असंल. पण तू बाहेर बस."

ती रागानं बोलली नव्हती. मोलकरणीला भांडी राहू दे म्हणावं, तितक्या साध्या आवाजात बोलली होती. मी रबरी फुगा बाईंच्या हातात दिला आणि बाहेर आले. बाकावर दाजी बसले होते. ते जरा सरकले, मला जागा करून दिली. आतून सुईची टकटक ऐकू येत होती, आणि बरोबर लागतेय ना वाटी, असं मला एकदाही वाटलं नाही.